घोडी आत, माणसं पडवीत

वडाची वस्ती, ता. निफाड
२ डिसेंबर २००१

मनीषा,

वर आधी 'चि. सौ.' लिहिलं होतं, ते खोडलं. भाऊबीजेला म्हणून माहेरी गेलीस, चार दिवसांत येते म्हणालीस, आणि आता तुळशीची लग्नं लागून गेली तरी तुझा पत्ता नाही. सुनेला आशीर्वाद कोणत्या तोंडाने लिहू? राग उतरला की लिहीन.

माझा भाऊ चिमाजी परवा कांद्याच्या कामाला देवळ्याला गेला होता. तिथे बाजारात त्याला तुझा भाऊ भेटला आणि चारचौघांत म्हणाला, "आमच्या बहिणीला अन् भाचीला तुम्ही उघड्यावर झोपवता, अन् जनावराला घरात." चिमाजी मला हे सांगताना हसत होता. मला काही हसू आलं नाही.

अगं, पडवी म्हणजे उघडं का? वर पत्रा आहे, तीन बाजूंना भिंत आहे, चौथ्या बाजूला कमरेएवढा कठडा आहे. मी लग्न होऊन या मळ्यात आले तेव्हा उसाच्या पाचटाचं छप्पर होतं नुसतं. तुझा नवरा शेखर त्याच छपरात जन्मला, थंडीच्याच दिवसांत. तो काही मेला नाही.

शेखरचं म्हणणं तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण तू ऐकून घेण्याआधीच पिशवी भरलीस. हरणी ही टांग्याला जुंपायची घोडी नाही. येवल्याच्या बाजारातून आणली तेव्हा तिच्या बरगड्या दिसत होत्या. पोराने दूध, अंडी, भिजवलेले हरभरे घालून तिला उभी केली. पौषी पुनवेच्या यात्रेतल्या शर्यतीत छकड्याला एका अंगाला चिमाजीचा बैल आणि दुसऱ्या अंगाला आपली हरणी पळणार आहे. गेल्या साली ही जोडी थोडक्यात मागे राहिली, तेव्हापासून शेखरच्या डोक्यात दुसरं काही नाही. शेजारच्या भागुबाईची कालवड बिबट्याने उसात ओढून नेली, त्या दिवशी हरणीने दाण्याला तोंड लावलं नाही. शर्यतीचं जनावर एकदा धसकलं की पुन्हा छकड्याला उभं राहत नाही, असं ही शर्यतवाली मंडळी मानतात. म्हणून त्याने तिला मधल्या घरात घेतलं आणि आपणही तिच्याजवळ झोपायला लागला. कडी लागेल असं दार आपल्या घराला एकच. स्वयंपाकघरात जायची वाटही मधल्या घरातूनच. मग बाकीच्यांनी पडवीत झोपायचं, त्याला दुसरा इलाज काय होता?

पूजा रडायला लागली तेव्हा तो तुझ्यावर ओरडला, "पोरीला गप कर, घोडी बिचकती," म्हणून, ते चुकलं त्याचं. सहा-सात महिन्यांचं लेकरू रडणारच. मी त्याला बोलले. पण तू दारात उभी राहून काय म्हणालीस ते वस्तीने ऐकलं. "घोडी घरमा अन् पोर बाहेर, हाई कोणतं घर शे?" एरवी आमच्यासारखं बोलतेस, रागावलीस की तुझी देवळ्याची अहिराणी बाहेर पडते.

बिबट्या माणसाला काही करत नाही. वासरं नेतो, कुत्री नेतो. इतकी वर्षं या गोदाकाठच्या उसात तो आहे आणि आपणही आहोत. तुझे मामंजी तर म्हणतात, तो आपल्यालाच भितो.

पत्र मिळताच निघून ये. मामंजींचा जीव नातीत अडकलाय.

तुझी आत्याबाई


१६ डिसेंबर २००१

मनीषा,

तुझं कार्ड मिळालं. एवढं कार्ड, आणि त्यावर एकच ओळ: 'आधी घोडी बाहेर, मग मी आत.' मी सातवी शिकले, तू बारावी. बारावीपर्यंत एवढंच लिहायला शिकवतात का? आणि कार्ड कशाला पाठवलंस? पोस्टमनने वाचलं, त्याने भागुबाईला सांगितलं, भागुबाईने वस्तीला. माझ्या हातात आलं तेव्हा ते वाचायचं राहिलेली मी एकटीच होते.

शेखरने ते उलटसुलट करून पाहिलं. मागच्या बाजूला काही लिहिलंय का म्हणून. मग न जेवताच हरणीला चोळायला गेला. त्याला लागलं असावं. पण लागलं की तो घोडीकडे जातो, माणसाकडे येत नाही. लहानपणी बकरीकडे जायचा.

थंडी अशी पडलीय की बोलायची सोय नाही. पहाटे मोटारीच्या पाइपात पाणी गोठतं. द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, नाहीतर मणी फुटतात म्हणे. मामंजींचा खोकला वाढलाय. तुझी गोधडी इथेच राहिली, ती मी त्यांना दिली. त्यांना भिंतीकडे झोपवते आणि मी कठड्याकडे झोपते. मला काही भीती वाटते म्हणून नाही, त्यांना वारा लागू नये म्हणून.

कुत्री आता नाहीत. तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. ती भुंकली की हरणी आत खूर आपटायची, रात्रभर उभी राहायची, सकाळी तिच्या पायाला सूज. शेखरने दोघांना पोत्यात घातलं आणि चिमाजीच्या मळ्यावर सोडून आला. मामंजी म्हणाले, "अरे, कुत्रं भुंकायसाठीच आस्तं ना?" तर हा म्हणतो, "दादा, एवढी शर्यत होऊ द्या. मग भुंकू द्या त्यांना काय भुंकायचं ते." मला त्या दिवशी दोन भाकरी जास्त झाल्या. सवयीने थापल्या होत्या.

कारखान्याची तोड अजून आपल्याकडे आली नाही, त्यामुळे ऊस थेट अंगणापर्यंत उभा आहे. विहिरीच्या वाटेवर चिखलात पाऊल उमटलं होतं. मामंजी म्हणाले कुत्र्याचं. कुत्री तर चिमाजीकडे आहेत.

वनखात्याने भागुबाईच्या बांधावर पिंजरा लावलाय, आत शेळी बांधलीय. भागुबाईला तिची दया येते, म्हणून ती रोज तिला पाला आणि शिळी भाकरी घालते. शेळी चांगली गुबगुबीत झालीय, बिबट्या काही येत नाही. वनखात्याची माणसं सगळ्यांना सांगून गेली, उसाच्या कडेला एकटं जाऊ नका, वाकून किंवा उकिडवं बसू नका, बसलेला माणूस त्याला जनावरच वाटतो, आणि पडवीला जाळी ठोका. जाळीचं मी शेखरला सांगितलं. तो म्हणाला, "शर्यतीनंतर बघू. आत्ता ठोकाठोकी केली तर हरणी घाबरंल." मला हे पटलं नाही, पण घरात त्याच्यापुढे बोलायचं कुणी? मामंजी बोलत नाहीत, आणि बोलणारी तू होतीस.

पूजा बसायला लागली का? तिच्या झोळीची दोरी अजून आढ्याला तशीच आहे. मी काढणार होते, मामंजींनी काढू दिली नाही.

घोडी शर्यतीपर्यंत आत राहणार, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. तरी ये. तू आणि पूजा स्वयंपाकघरात झोपा, दाण्याची पोती मी बाहेर काढीन.

तुझी आत्याबाई


नाशिक
२ जानेवारी २००२

मनीषा,

घाईने लिहिते. मामंजी पडले. मानेला आणि खांद्याला लागलंय, टाके घातलेत. आम्ही नाशिकला दवाखान्यात आहोत. डॉक्टर म्हणतात अंगात ताप आहे तो उतरला पाहिजे. बोलता येत नाही, पण डोळ्यांनी ओळखतात.

माझं अक्षर वाकडं आलंय त्याकडे बघू नकोस. हाताला पट्टी आहे. थोडं भाजलं.

शेखर मळ्यावर आहे. घोडीला एकटं ठेवता येत नाही. काल येऊन गेला, मामंजींच्या पायाशी बसला आणि खूप रडला. मी त्याच्याशी फार बोलले नाही, दवाखान्यात किती बोलणार.

जमलं तर इथे दवाखान्यात ये. मळ्यावर जाऊ नकोस, सरळ इथे ये आणि इथूनच परत जा. पूजाला आणू नकोस, इथे आजारी माणसं आहेत. लोक काही बोलतील तिकडे लक्ष देऊ नकोस, मी सांगते तेवढंच खरं.

मामंजींनी हाताने पाळणा हलवल्यासारखं केलं. पूजाला विचारत असतील. मी सांगितलं, ती बरी आहे, मामाच्या घरी आहे.

तुझी आत्याबाई


वडाची वस्ती
१८ जानेवारी २००२

मनीषा,

दहाव्याला आलीस, पूजाला आणलं नाहीस आणि त्याच दिवशी भावाबरोबर परत गेलीस. बायका बोलल्या. सून म्हणून घरात एक रात्रसुद्धा राहिली नाही, म्हणाल्या. मी त्यांच्यापुढे मान हलवली. मनात म्हटलं, बरं केलंस.

मी तुला 'पडले' असं लिहिलं होतं. ते खोटं होतं हे तुला भागुबाईने घाटावर सांगितलंच. त्या वेळी तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. त्यापेक्षा दोन शब्द बोलली असतीस तर मला बरं वाटलं असतं. तेव्हा आता माझ्याकडून ऐक, म्हणजे भागुबाईने घातलेला मीठमसाला वेगळा काढता येईल.

दिवस उगवायचा होता, नुसतं फटफटलं होतं. मी अंगण झाडत होते. मामंजींना खोकल्याने झोप नव्हती, ते उठून बंब पेटवायला पडवीच्या पायरीवर बसले. गोधडी डोक्यावरून घेतली होती, पुढे वाकून काड्या ओढत होते. काड्या दवाने ओल्या झालेल्या, एकही पेटेना. ते काड्यापेटीला शिव्या देत होते आणि मी त्यांना हसत होते. म्हटलं, काडी पेटायची तेव्हा पेटेल, तुम्ही आधी विझू नका. ते ऐकून त्यांना पुन्हा खोकला आला, म्हणून मला उसाची सळसळ ऐकू आली नाही.

मला वाटलं कुणी पोतं ओढतंय. वळून बघते तर गोधडी आणि तो, दोघं एकच दिसत होते. मामंजी ओरडले नाहीत. त्यांना ओरडताच येत नव्हतं, नरडं त्याच्या तोंडात होतं. त्यांची टाच मातीत घासत होती तेवढा आवाज. मी खराट्याने मारलं, मग घमेलं उचललं आणि त्याच्या डोक्यात घालत राहिले. त्याने पंजा मारला तो माझ्या हातावर. भाजलं म्हणून लिहिलं ते हेच. मग भागुबाईकडची माणसं डबे वाजवत धावत आली, "बहिरूभाऊ, बहिरूभाऊ," करून मामंजींना हाका मारत. त्याने सोडलं आणि तो उसात गेला. पळाला नाही, चालत गेला.

पाचव्या दिवशी मामंजी गेले. त्यांचं वय काही जाण्याचं नव्हतं.

मग निघताना तू सगळ्या बायकांपुढे मला विचारलंस, "आत्याबाई, आतलं दार का नाही उघडलं?" मी तुला तेव्हा जे सांगितलं तेच लिहिते. शेखर गाढ झोपेत होता. तो तसाच झोपतो, लहानपणापासून. ढोल वाजवला तरी उठत नाही.

तुला ते पटलं नाही हे मला दिसलं. पटवून घे. तो माझा मुलगा आहे आणि आता घरात आम्ही दोघंच आहोत.

कुसाबाई


३१ जानेवारी २००२

मनीषा,

हे पत्र तुझ्या भावाला दाखवू नकोस. वाचून चुलीत घाल.

परवा पुनवेला शर्यत झाली. मी शेखरला म्हटलं होतं, यंदा राहू दे, बापाचा महिनासुद्धा झाला नाही. तो म्हणाला, "आई, सुतक फिटलंय. दादाच्या नावानं पळवतो." मी म्हटलं, बापाच्या नावाने पळवायचंच होतं तर त्या दिवशी तूच पळत यायचं होतंस. तो घोडीच्या पायांना तेल लावत राहिला.

ते जिंकले. चिमाजीचा बैल आणि आपली हरणी पहिले आले. संध्याकाळी ट्रॅक्टरवर ढाल घेऊन, हलगी वाजवत वस्तीवर आले. भागुबाईने दार लावून घेतलं. शेखरने अंगणात येऊन माझ्या पाया पडायला मान खाली घातली. बापासाठी केस काढलेलं डोकं, त्यावर केस नुकते कुठे खरखरीत उगवायला लागलेले, आणि त्या डोक्यावर गुलाल. टाळूवर घामाने चिकटलेला. मी हात ठेवायला पुढे केला आणि मागे घेतला. त्याला वाटलं, माझा हात दुखतोय. म्हणाला, "दुखतोय का गं आजून?"

बिबट्याही सापडला. पिंजऱ्यात मादी आली, एक सुळा तुटलेली. आसपासच्या गावांतून लोक बघायला आले, पोरं काठ्या खुपसत होती. शेखर हरणीला घेऊन तिथे गेला. घोडी आता बिबट्यापुढेही उभी राहते, हे त्याला लोकांना दाखवायचं होतं. हरणी खरंच उभी राहिली. त्याच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते मी त्याच्या लग्नात पाहिलं नव्हतं. तुला हे लिहू नये, पण लिहिलं.

आता ऐक. तो झोपला नव्हता.

मी पडवीत चढून एका हाताने घमेलं मारत होते आणि मागे सरकून लाथेने दार वाजवत होते. शेखर, शेखर म्हणून ओरडत होते. आतून त्याचा आवाज आला. अगदी दाराला लागून, म्हणजे तो कडीजवळच उभा होता. म्हणाला, "आई, दार उघडलं तर हरणी बाहेर येईल. तू पत्रा वाजव. पत्र्याला भितो तो."

मी त्याचं ऐकलं, मनीषा. मला दुसरं काय करता येणार होतं? त्याने सांगितलं म्हणून मी कोपऱ्यातला पत्र्याचा तुकडा उचलायला वळले, आणि तेवढ्यात मामंजी पायरीवरून अंगणात ओढले गेले. मग पुन्हा घमेलंच हातात आलं.

तो भ्याला असता तर मी समजून घेतलं असतं. माणूस भितो, बाप समोर मरत असला तरी भितो. पण त्याच्या आवाजात भीती नव्हती गं. दूध उतू जाईल, झाकण काढ, असं सांगावं तसा तो मला सांगत होता. लोक आले, बिबट्या गेला, तेव्हा त्याने कडी काढली. आधी हरणीच्या डोळ्यांवर फडकं बांधलं, रक्त दिसू नये म्हणून, आणि मग बाहेर आला.

मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. भागुबाईला संशय आहे. रात्री मला तो आवाज ऐकू येतो, बिबट्याचा नाही, शेखरचा. मला माझ्या मुलाचा राग येतो आणि त्याने भाकरी मागितली की मी वाढते. आईचं असंच असतं का, की माझंच आहे, मला कळत नाही.

पुढच्या साली मोठी शर्यत आहे म्हणतो. हरणी अजून आतच आहे.

कुसाबाई


निफाड
१२ फेब्रुवारी २००२

चि. सौ. मनीषा, तुला आणि माझ्या पूजाला माझा सगळा आशीर्वाद.

आज बाजारच्या निमित्ताने निफाडला आले आणि इथल्या पोस्टात हे टाकते. वस्तीवरच्या पोस्टमनकडे दिलं तर शेखरच्या हाती जाईल. मी बाकावर बसून लिहितेय, माझ्याजवळ मेथीच्या दोन जुड्या आहेत आणि हाताची बोटं अजून नीट वळत नाहीत, तेव्हा लागेल तसं वाच.

येत्या रविवारी शेखर तुला न्यायला येणार आहे. एकटा नाही. चिमाजी, गावातली दोन-तीन वडीलधारी माणसं, आणि त्यांच्याबरोबर मी. बैठक घालायची, तुझ्या वडिलांची समजूत काढायची आणि त्याच गाडीतून तुला आणि पोरीला घेऊन यायचं, असं ठरलंय. हे ठरलं तेव्हा मी चहा गाळत होते, मला कुणी विचारलं नाही.

तिथे ते काय सांगतील ते आधीच लिहिते. हरणी विकली, असं सांगतील. विकलेली नाही. ती चिमाजीच्या मळ्यावर नेऊन बांधलीय. शेखर रोज सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे जातो. मी विचारलं, परत कधी आणणार? तर चिमाजी हसून म्हणाला, "ताई, सूनबाई आली का महिन्याभरात आणू. येकदा घरात रुळली का मग कुठं जाती?" माझा सख्खा भाऊ माझ्यासमोर असं बोलला, कारण मी त्यांच्याच बाजूची आहे असं तो धरून चालतो.

पडवीला जाळी ठोकलीय असं सांगतील. तीन खिळे ठोकलेत. उरलेली जाळी गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवलीय.

बिबट्या धरला असं सांगतील. ते खरं आहे. पण काल आपल्या उसाची तोड लागली, तोडणाऱ्या बायकांना उसात दुसऱ्याचा माग दिसला, त्या मादीपेक्षा मोठा. एक बाई कोयता टाकून रडायला लागली, तिचं पोर बांधावर झोपवलेलं होतं. मुकादमाने तिला दुसऱ्या फडावर पाठवलं. आता ऊस पडला तरी तो शेजारच्या उसात जाईल, आणि आपला खोडवा पुन्हा फुटून वाढला की परत येईल. त्याला मी दोष देत नाही. तो जनावर आहे.

शेखर तुझ्यापुढे रडेल. ते रडणं खोटं नसेल, एवढं मात्र मी सांगते. त्याला तू हवी आहेस, पोरगी हवी आहे. पूजाला उचलून तो मुके घेईल आणि त्या वेळी त्याला सगळं खरंच वाटत असेल. पण कडीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरवायची वेळ आली की तो काय ठरवतो ते मी दाराच्या बाहेर उभी राहून ऐकलंय. तुझ्या पोरीवर ती वेळ मला बघायची नाही. ती आता रांगत असेल. आपल्या पडवीच्या पायरीवरून रांगत अंगणात यायला किती वेळ लागतो?

तू म्हणशील, मग आत्याबाई, तुम्ही तरी तिथे का राहता? कुठे जाऊ? माझं माहेर म्हणजे चिमाजीचं घर, आणि आता तिथे हरणी बांधलीय. या वयात भागुबाईच्या दारात तरी कशी बसू? मी आता स्वयंपाकघरात झोपते, दाण्याच्या पोत्यांजवळ. मधल्या घराचं दार मी आतून लावते आणि शेखर पडवीत झोपतो. पहिल्या दिवशी मी कडी लावली तेव्हा तो बाहेरून म्हणाला, "आई, लावलीस का गं?" मी हो म्हटलं.

आता मुख्य गोष्ट, ती नीट वाच. रविवारी तुझ्या अंगणात मी त्यांच्याबरोबर बसलेली असेन. चिमाजी मला पुढे करणार, कारण सासू स्वतः न्यायला आली म्हटल्यावर सून नाही म्हणत नाही, हे त्याला ठाऊक आहे. आणि मी बोलेन. मला बोलावंच लागेल, संध्याकाळी मला त्याच गाडीत बसून त्याच घरात परत जायचं आहे. मी म्हणेन, चल पोरी, झालं गेलं विसर. म्हणेन, यांचा जीव गेला, घर ओकंबोकं झालं. पूजाला मांडीवर घेतलं की मला रडू येईल, आणि ते काही मी दाखवायसाठी आणणार नाही.

त्या दिवशी माझं काही ऐकू नकोस. मी कितीही गयावया केली, शपथ घातली, पदर पसरला तरी ऐकू नकोस. मला वाईट वाटेल म्हणून घुटमळू नकोस. सगळ्यांच्या देखत माझ्या पाया पड, मला चहा दे, पोरीला माझ्या मांडीवरून उचलून घे आणि नाही म्हण.

कुसाबाई